रेडिएटर मागे गेला, उष्णता कुठे गेली?

पाऊस सुरू झाला की सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत चिखल तुडवायला निघालेल्या गाड्यांची रांग दिसू लागते. चारही चाकांना जोर देणारी जीप, तिला मोठाले टायर, पुढे विंच, मागे फावडं, दोर आणि डिझेलचा कॅन. या मंडळींच्या गाड्या नीट पाहिल्या तर एखाद्या गाडीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. इंजिन नेहमीप्रमाणे पुढेच असतं, पण रेडिएटर मात्र मागे, सामान ठेवायच्या जागेत, उभा किंवा तिरका बसवलेला असतो. इंजिनापासून निघालेल्या दोन जाड नळ्या गाडीच्या लांबीभर प्रवास करून त्याच्यापर्यंत जातात.

हा नुसता वेडेपणा नाही. पुढच्या जाळीमागे बसलेला रेडिएटर डांबरी रस्त्यासाठी ठीक असतो, कारण गाडी धावते तेव्हा समोरची हवा आपोआप त्याच्यातून जाते. चिखलात हा हिशोब बिघडतो. गाडी चालते माणसाच्या चालीने, त्यामुळे वाऱ्याचा उपयोग शून्य. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत चिखल जाऊन बसतो आणि इंजिनाच्या उष्णतेने तिथेच विटेसारखा भाजून निघतो. ओढ्यात गाडी घातली की फिरता पंखा पाण्यात सापडतो, त्याची पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरलाच कापून काढतात. वर समोरून बाभळीचा बुंधा किंवा दगड लागायची भीती असतेच. शेतकऱ्यांना यातलं बरंचसं समजावून सांगावं लागणार नाही. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जाळीवर भुसा बसला की काटा कसा चढतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून रेडिएटर मागे न्यायचा. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ पासून वाळवंटी शर्यत होते. तिथल्या मोठ्या शर्यती ट्रकांचे रेडिएटर केबिनच्या मागे असतात. डाकार रॅलीतल्या काही ट्रकांतही हीच सोय दिसते. मलेशियाच्या जंगलात १९९७ पासून होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही तर चिखलाचीच परीक्षा, आणि २०१४ पासून तिची भारतीय आवृत्ती ऐन पावसाळ्यात गोव्यात होऊ लागली. तिथल्या गाड्या पाहून आलेल्या पोरांनी आपापल्या गावच्या गॅरेजात तेच करून घ्यायला सुरुवात केली नसती तरच नवल.

आरोग्याच्या सदरात हे सगळं कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी मेडिसिनचा डॉक्टर. भाजलेले रुग्ण मुख्यतः आमच्या सर्जरीच्या सहकाऱ्यांकडे जातात. पण त्यांचा रक्तदाब घसरला, लघवी कमी झाली की आम्हाला बोलावणं येतं. असाच एक तरुण मी पाहिला होता. दोन्ही पाय घोट्यापासून खाली भाजलेले, डावा जास्त. तो गाडी चालवत नव्हता. बॉनेट उघडून इंजिनाशी खेळतही नव्हता. मित्राच्या जीपमध्ये बाजूच्या सीटवर बसून मोबाइलवर चित्रीकरण करत होता. रेडिएटर मागे नेताना गरम पाण्याची नळी केबिनच्या आतून, त्याच्या पायांजवळून नेलेली होती आणि मधोमध एक रबरी जोड होता. दगडावरून गाडी आदळली, क्लिप सरकली आणि जोड सुटला. पायात उंच, बंदांचे बूट होते. उकळतं कूलंट त्या बुटांत भरलं आणि बंद सोडवेपर्यंत तिथेच राहिलं. पुढे त्याला मांडीची कातडी काढून पावलांवर लावावी लागली.

या प्रकरणातली गोम त्या नळीत आहे. रेडिएटर मागे नेल्याने उष्णता कमी होत नाही, तिचा फक्त पत्ता बदलतो. आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर जायचा रस्ता माणसं बसतात तिथून जातो.

ही उष्णता किती असते, याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटच्या, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या रंगीत पाण्याच्या वाट्याला येते. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात असेल तर कूलंटला दर क्षणी चाळीस-पन्नास किलोवॅट उष्णता वाहून न्यावी लागते. घरातला गीझर साधारण दोन-तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे जवळपास वीस गीझर एकाच वेळी चालू असावेत, इतकी उष्णता त्या दोन नळ्यांतून मागे जात असते.

दुसरी गोष्ट दाबाची. ती समजायला स्वयंपाकघरात जाऊ. कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त असतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. डाळ लवकर शिजते ती त्यामुळे. रेडिएटरचं झाकण नेमकं हेच करतं. बहुतेक गाड्यांत ते साधारण तेवढाच दाब धरून ठेवतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे उकळण्याचा अंश आणखी थोडा वर सरकतो. गाडी सुरळीत चालू असताना आतलं पाणी नव्वदच्या आसपास असतं, तापली की शंभरच्या वर जातं, आणि तरीही शांत असतं. ते शांत असतं ते दाबामुळे.

शिटी वाजत असताना कुकरचं झाकण ओढून काढायचा प्रयत्न घरात कोणी करत नाही. पण रस्त्याकडेला वाफाळणाऱ्या गाडीचं रेडिएटरचं झाकण फडकं धरून फिरवणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत. झाकण सैल होताच दाब जातो, शंभरच्या वर गेलेलं पाणी त्याच क्षणी उकळू लागतं, त्यातल्या थोड्या भागाची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती हजार पटीहून अधिक जागा मागते. ही वाफ उरलेल्या पाण्याला कारंज्यासारखी वर फेकते. मग चेहरा, मान, छाती आणि झाकण फिरवणारा हात, असा भाजण्याचा एक ठरलेला नकाशा आम्हाला दिसतो. रुग्ण काय सांगतो याची वाटही पाहावी लागत नाही.

रेडिएटर पुढे असताना हे निदान गाडीच्या बाहेर, मोकळ्यावर घडतं. माणूस मागे उडी तरी मारू शकतो. रेडिएटर मागे असेल तर झाकण बहुधा सीटच्या पाठीमागे, रोल केजच्या नळ्यांच्या गर्दीत असतं. तिथे वाकून, अवघडून हात घालावा लागतो आणि मागे सरकायला जागा नसते.

आता त्वचेचा हिशोब. १९४०च्या दशकात अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन संशोधकांनी गरम पाणी आणि त्वचा यांचं नातं मोजलं होतं, आणि भाजण्याविषयीचं आमचं बरंच ज्ञान अजून त्या कामावर उभं आहे. साधारण ५० अंशांच्या पाण्याला त्वचा खोलवर भाजायला काही मिनिटं लागतात. ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद पुरतात. ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. अंश वीसने वाढले, तर वेळ शेकडो पटींनी घटला. नव्वद अंशांचं कूलंट पायावर पडलं तर माणसाला दचकायला लागणारा वेळसुद्धा जास्तच ठरतो. लहान मुलांची कातडी पातळ असल्याने त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. मोजे, बूट आणि ट्रॅक पँट गरम पाणी धरून ठेवतात, म्हणजे एक सेकंदाचा चटका अर्ध्या मिनिटाचा करतात.

थोडं विषयांतर करतो, पण ते उपयोगाचं आहे. उष्णता एका ठिकाणी तयार करायची आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकायची, हा खेळ निसर्ग फार जुन्या काळापासून खेळतो आहे. आपलं शरीर स्वस्थ बसलं असताना साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतं, पूर्वीच्या पिवळ्या मोठ्या बल्बएवढी. दोर धरून चिखलातून गाडी ओढायला लागलात की पाचशे वॅटच्या पुढे जातं. ही उष्णता तयार होते स्नायूंत आणि यकृतात, पण बाहेर टाकायची ती कातडीवरून. मधली ने-आण रक्त करतं. एरवी कातडीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आतबाहेर रक्त जातं. कडक उन्हात कष्ट करताना तेच सहा-आठ लिटरपर्यंत वाढू शकतं. हृदयाला एवढा जादा पंप चालवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात म्हाताऱ्यांचं आणि हृदयरोग्यांचं बिघडतं.

रेडिएटर कुठे बसवायचा याचंही उत्तर निसर्गाने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिलं आहे. हत्तीने तो कानांत बसवला. दक्षिण अमेरिकेतला टोको टूकन नावाचा पक्षी आपली अवाढव्य चोच रेडिएटरसारखी वापरतो, तिच्यातलं रक्त गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, हे २००९ साली उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं. पुरुषांच्या बाबतीत तर एक अख्खा अवयवच शरीराबाहेर टांगला गेला, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. तिथे जाणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचं वेलीसारखं जाळं असतं. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला आपली उष्णता वाटेतच देऊन टाकतं.

हीच युक्ती आपल्या हातांतही आहे. हातातून परत येणाऱ्या रक्ताला दोन रस्ते आहेत. एक खोलवर, रोहिणीला चिकटून जाणारा, आणि दुसरा कातडीखालून. थंडीत रक्त खोल रस्त्याने येतं, जाणाऱ्या गरम रक्ताची ऊब परत घेतं आणि घराबाहेर उष्णता जाऊ देत नाही. उन्हाळ्यात ते वरच्या रस्त्याने येतं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. मे महिन्यात सलाइन लावायला शिरा हातावर दोरीसारख्या उभ्या असतात, आणि जानेवारीच्या पहाटे हात चोळून चोळूनही सापडत नाहीत.

गाडीत रेडिएटर मागे नेणाऱ्याने या दोन नळ्यांचं भान ठेवायला हवं. जाणारी गरम आणि येणारी गार नळी एकत्र बांधून नेली की थोडी उष्णता रेडिएटरपर्यंत पोचण्याऐवजी परतीच्या पाण्यात जाते. त्याहून महत्त्वाचं असं की नळ्या उघड्या ठेवल्या तर उरलेली उष्णता केबिनमध्ये सांडत राहते. शरीरात चरबीचा थर असतो, इथे मेकॅनिकने तो गुंडाळावा लागतो.

चांगलं काम करणारे कारागीर हे कसं करतात, तेही पाहण्यासारखं आहे. नळ्या केबिनमधून न नेता फ्लोअरच्या खालून, चॅसीच्या आतल्या अंगाने नेतात, म्हणजे दगड लागला तर चॅसीला लागेल. लांब पल्ल्याला धातूची नळी आणि फक्त दोन्ही टोकांना रबरी होज, कारण इंजिन हलतं आणि चॅसी पिळते, तिथे लवचिकपणा लागतो. धातूच्या नळीच्या टोकाला उंचवट्याची कड पाडलेली असते, म्हणजे दाबाखाली होज निसटत नाही. तिच्यामागे क्लिप, काहीजण दोन घालतात. केबिनमधून नळी न्यावीच लागली तर ती अखंड असावी, जोड आत असू नये. शर्यतींच्या नियमांतही केबिनमधल्या जोडांबद्दल कडक धोरण असतं ते उगाच नव्हे. रेडिएटर आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची पूर्ण भिंत हवी. पंख्याची दिशा अशी हवी की गरम हवा, आणि रेडिएटर फुटलाच तर वाफ, गाडीच्या मागे जाईल, माणसांच्या मानेवर येणार नाही. उघड्या जीपमध्ये ही भिंत वाचवण्याकडे कल असतो, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. माझ्या मते सगळ्या कामात जिथे अजिबात काटकसर करू नये अशी जागा ती आहे.

मागे वारा पोचत नाही, त्यामुळे सगळी भिस्त विजेच्या पंख्यांवर. पंखा बंद पडला की गाडी काही मिनिटांत तापते. नळ्या लांब झाल्याने कूलंट जास्त लागतं आणि वाटेतल्या सर्वांत उंच जागी हवेचा फुगा अडकतो. मेकॅनिक त्याला एअर लॉक म्हणतात. तो काढायला उंचावर एक बारीक तोटी ठेवावी लागते. ती नसेल तर रेडिएटर थंडगार आणि इंजिन लालभडक, असा प्रकार होतो.

तापमापकाबद्दल एक सूचना. कूलंट गळून गेलं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा चढायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, गाडी निवली. वैद्यकात याचं जुळं भावंड आहे. उष्माघाताच्या रुग्णाच्या काखेत थर्मामीटर लावला तर तो कधी कधी फसवा आकडा देतो, आणि आतलं, गुदद्वारातून मोजलेलं तापमान ४० अंशांच्या वर निघतं. म्हणून काट्यापेक्षा माणसाकडे पाहावं. काहीबाही बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो दमलेला नसून त्याचा मेंदू तापलेला आहे.

पावसाळ्यात उष्माघात कसा, असं विचारू नका. घामाने शरीर थंड होतं ते घाम वाळतो म्हणून. एक लिटर घाम वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून गेला तर काहीच नेत नाही. हवेत आधीच ओल भरलेली, डोक्यावर हेल्मेट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, समोर इंजिन आणि आता पाठीमागे रेडिएटरही. दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या त्या डब्यात तासन्‌तास बसून, मधेच उतरून विंचचा दोर ओढायचा. तरणाताठा माणूसही यात कोसळतो. अशा वेळी आधी सावलीत आडवं करून कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतत राहून वारा घालावा, बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवावा, आणि हे चालू ठेवतच रुग्णालय गाठावं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. हा ताप जंतूंचा नाही.

कूलंटबद्दल मात्र आमच्या विभागाला स्वतंत्र बोलायला हवं. हिरवं, लाल, निळं असं ते सुंदर रंगीत द्रव्य म्हणजे बहुधा इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी. अंगावर उडालं तर विषबाधेची मोठी भीती नसते, भीती भाजण्याची. पोटात गेलं तर गोष्ट वेगळी. ते चवीला गोड असतं. रेडिएटर मागे नेलेल्या गाडीत कूलंट जास्त लागतं, गळतीची भीती असते, म्हणून जादा कूलंट बरोबर घेतलं जातं. आणि ते कशात घेतात? पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. तहानलेल्या माणसाच्या हाताशी, किंवा घरी आल्यावर पोराच्या हाताशी.

शुद्ध इथिलिन ग्लायकॉलचे शंभरेक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान कपाएवढे, प्रौढ माणसाच्या जिवावर बेतू शकतात. सुरुवातीचे काही तास माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, इतकंच. घरचे त्याला झोपू देतात. तोवर यकृत त्या ग्लायकॉलचं आम्लांत रूपांतर करत असतं. पुढच्या बारा-चोवीस तासांत रक्त आम्लधर्मी होतं, श्वास जोरजोरात चालतो. त्यानंतर ऑक्झॅलेटचे खडे मूत्रपिंडाच्या नळ्यांत जमतात आणि लघवी थांबते. यातली विचित्र गंमत अशी की मूळ ग्लायकॉल त्या मानाने निरुपद्रवी असतं, त्याला विष बनवतं ते आपलंच यकृत. उपचारही त्यावरच बेतलेले आहेत. रूपांतर करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला अडवायचं. फोमेपिझोल नावाचं औषध ते काम करतं. ते नसेल तर मोजून दिलेलं इथेनॉल, म्हणजे आपली नेहमीची दारू, कारण यकृताला ग्लायकॉलपेक्षा तिची ओढ जास्त. तेवढ्यात डायलिसिसने ग्लायकॉल बाहेर काढायचं. हे वाचून कोणी घरी दारू पाजू नये, मात्रा रक्ततपासणी पाहून ठरते. बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात यावं, बरं वाटत असलं तरी यावं. वेळ हातात असतो तो सुरुवातीच्या तासांतच.

याच कुळातल्या डायइथिलिन ग्लायकॉलने मुंबईत काय केलं, ते माझ्या पिढीचे डॉक्टर विसरलेले नाहीत. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिलं गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल त्यावरचा आहे. तिथेही दिसायला आणि चवीला काही संशय येण्यासारखं नव्हतं, आणि गेली ती मूत्रपिंडंच.

ओढ्याकाठी रेडिएटर रिकामा करणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या गोड पाण्याला गावची गुरं आणि कुत्रीही तोंड लावतात आणि तशीच मरतात. जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजात परत न्यावं.

आता भाजलंच तर काय करायचं. आमच्याकडे येणारा रुग्ण अजूनही टूथपेस्ट, हळद, शाई, कधी बटाट्याचा कीस लावून येतो. ते सगळं आधी धुवावं लागतं आणि तेव्हा तो कळवळतो. पहिली गोष्ट, भिजलेले बूट, मोजे, कपडे ताबडतोब काढायचे, बंद सुटत नसतील तर कापायचे. अंगठी, कडं, पैंजणही काढायची, कारण सूज वेगाने येते. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नये. मग साधं, वाहतं, गार पाणी वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस मिनिटं. दोन मिनिटांत वेदना थांबली म्हणून बंद करायचं नाही. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत असं पाणी ओतल्याचा फायदा होतो, तेव्हा वाटेत उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. बर्फ लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम खोल जाते. लहान मूल असेल किंवा बराच भाग भाजला असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवावं, नाहीतर ते गारठतं. डोळ्यांत कूलंट गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून पाणी सोडत राहावं.

डोंगरात नळ कुठला, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून रेडिएटर मागे असलेल्या गाडीत पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन हवाच, आणि तो गाडी तापली म्हणून रेडिएटरमध्ये ओतायचा नाही. बारीक धारेने ओतलं तर वीस लिटर वीस मिनिटं पुरतात. ओढ्याचं गढूळ पाणी जखमेवर घालणं शक्यतो टाळावं. नंतर स्वच्छ, सैल कापडाने झाकून निघावं. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग यांपैकी काही भाजलं असेल, तर गावात मलम लावून थांबू नये. फोड फोडू नयेत. चिखलातली जखम असल्याने धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगावं.

तापलेली गाडी थांबली की इंजिन बंद करून किमान अर्धा तास कोणीही झाकणाला हात लावू नये. पुढच्या रेडिएटरची वरची होज दाबून पाहण्याची जुनी मेकॅनिकी युक्ती आहे. ती हाताला टणक लागली तर आत दाब आहे, मऊ पडली तर गेला. मागे नेलेल्या रेडिएटरला अशी एखादी होज सहज हाती लागेल अशी ठेवायला कारागिराला सांगावं, नाहीतर ही साधी परीक्षाच राहून जाते. झाकण फिरवायचं ते जाड फडकं घेऊन, चेहरा बाजूला ठेवून, पहिल्या खाचेपर्यंतच, आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावर पुढे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही थर्मोस्टॅटच्या हुकमाने अचानक सुरू होतो, याकडेही लक्ष हवं. जाळीतला चिखल काढायला बोटं घालण्यापूर्वी पंख्याचा फ्यूज काढून खिशात ठेवावा.